अप्पांचा घोटा

“लागला का दिवा?” डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवून अप्पा विचारायचे. आमचं लेसर मंद, त्याचा चटका बसत नाही, ऊबही लागत नाही. त्यात साखरेनं त्यांचे पाय बधिर. लागला म्हटलं की मान डोलवायचे. “न्हाई, कळत न्हाई म्हणून इचारलं.”

लातूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. डाव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावरची जखम काही केल्या भरेना, म्हणून सर्जननी त्यांना माझ्याकडे, फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. जखम धुवायची आणि तिच्या कडेकडेनं एकेका ठिकाणी तो लाल उजेड धरायचा. त्यानं आतल्या पेशींना चालना मिळते, मांस भरून यायला मदत होते. पण घोट्यावर भार नको, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं. जन्मभर गादीवर मांडी घालून बसलेला माणूस; ऐकलं त्यांनी. दुकानात खुर्ची आणली. “गिऱ्हाईक हसायलंय, म्याडम. म्हनतंय, अप्पा सायब झाले.”

जखम आकसायची, गुलाबी मांस दिसायचं, आम्ही दोघंही खूश. की पुन्हा चिघळायची. मी मुळात फटकळ, माझं डोकंच फिरायचं. साखर ताब्यात, मलमपट्टी चोख, मग घोडं पेंड खातंय कुठं?

एका सोमवारी ते घरून थेट आले, कपाळावर ताजी विभूती. पट्टीच्या कडेनं घोट्यावर चटईची वीण उमटली होती. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन अप्पा पूजेला बसत, आणि बसत ते जमिनीवर, मांडी घालून. मी नको नको ते बोलले. पाय जाईल म्हटलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, सगळ्याला हो म्हणतात आणि करायचं तेच करतात.

शेवटी मी त्यांच्या मठातल्या महाराजांना गाठलं. ते म्हणाले, खुर्चीवर बसून केली तरी पूजा पोचते. मी मोठ्या उत्साहानं अप्पांना सांगितलं.

“त्यांचं मन मोठं हाय,” अप्पा म्हणाले. “मी बसून बघितलो खुर्चीवर. पर द्येवाकडं बघवंना. दुकानात बसल्यावानी वाटतंय, म्याडम.”

पावसाळ्यात जखम हाडापर्यंत गेली आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मला फार वाईट वाटलं. खरं सांगते, रागही आला. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही.

टाके सुकल्यावर वॉकर टेकत अप्पा आले. चष्मा स्वतःच चढवला आणि उजवा पाय स्टुलावर ठेवला.

“आता ह्यो एकच हाय. ह्याला आधीच दाखवा दिवा.”

मी घोटा हातात घेतला. बाहेरच्या हाडावर लालसर घट्टा पडला होता, आणि त्याच्याभोवती चटईची वीण.

माझा हात मशीनच्या बटणाकडे गेलाच नाही. तसाच पाय धरून बसले.

“लागला का दिवा?” अप्पांनी विचारलं.

“लागला, अप्पा,” मी म्हणाले.