टेबलावरची आदोळी

लग्न होऊन मी पेडण्याहून डिचोलीला आले, तेव्हा सासरी मला सगळ्यात आवडली ती टेबलावर ठोकलेली आदोळी. माहेरी आम्ही विळीला आदोळीच म्हणायचो, पण जमिनीवर बसून नारळ खोवायचो, मासळी कापायचो. इथे सासूबाई उभ्याने कापत. केवढं सुधारलेलं घर, असं मी माहेरी जाऊन मिरवलं. नवराही खाली बसत नसे. त्याचा गुडघा फुटबॉल खेळताना दुखावला, हे लग्नाआधीच सांगितलं होतं.

मुलगी चालू लागली ती झुलत. त्याआधी एकदा ती माझ्या हातून निसटून पायरीवरून पडली होती.

"तुजा लक्ष नाय, म्हणान चेडवाचो पाय गेलो," सासूबाई म्हणाल्या. नवरा जेवत राहिला. मी ते खरं मानलं. शिरगावच्या देवीला नवस बोलले, तेलं चोळली, ती शाळेतून रडत आली की स्वतःलाच शिव्या घातल्या.

शेवटी पणजीच्या डॉक्टरणीने एक्स-रे बघून समजावलं. सांधा घडताना कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीच्या, पेशी आपल्याभोवती प्रथिनांची जाळी विणतात, तिच्यावरच कूर्चेची ताकद. मुलीचं त्यातलं एक प्रथिन मुळातच चुकीचं तयार होत होतं. म्हणून कूर्चा कच्ची, सांधे लवकर झिजणार.

"पडून हे होत नाही. बहुतेकदा घराण्यातून येतं. तुमच्यात कोणाला आहे?"

"कोणाक नाय," नवरा म्हणाला.

मला उभ्याने कापणाऱ्या सासूबाईंची ती आदोळी आठवली, आणि नवऱ्याचा तो फुटबॉलमधला गुडघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मायलेकांनी केसाने गळा कापला होता माझा. दुखणं आलं याचा राग नाही. ते कोणाच्या हातात नसतं. दोष माझ्या पदरात टाकून दोघं निवांत जेवत होती, त्याचा राग आला. अजून आहे.

पुढे मुलगी लग्नाची झाली, तिला मुरगावचं स्थळ आलं. मुलगा बंदरात नोकरीला, तिलाही आवडलेला. नवरा म्हणाला, "ल्हानपणी आवशीच्या हातसून पडला म्हणान सांगूया."

पाहुणे आले, तेव्हा मुलगी टेबलाशी उभी राहून खोबरं खोवत होती. मुलाची आई सहज आत डोकावली आणि म्हणाली, "बरी सोय आहे ही."

मुलीने नारळाची कवड खाली ठेवली.

"सोय नाही, आम्हाला खाली बसता येत नाही," ती म्हणाली, बाहेर बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मला हे बाबांकडून आलंय, त्यांना आजीकडून. माझ्या आईने काही केलेलं नाही."