देणगीचं कार्ड

नीरा चांदोरकरांशी आमच्या मंडळात कोणी सरळ बोलत नाही, कारण त्या कोणाशीच सरळ बोलत नाहीत. सगळी नोकरी रिफायनरीच्या कॉम्प्युटर विभागात गेली. चूक दिसली की तोंडावर सांगायची सवय तिथलीच. निवृत्तीनंतर त्या घरोघर जाऊन बडोद्यातल्या मराठी म्हाताऱ्यांची गाणी आणि आठवणी रेकॉर्ड करू लागल्या. समितीने त्यांना कधी रिक्षाभाडं विचारलं नाही. मी समितीत आहे, म्हणून सांगतो.

रेकॉर्डिंग वाढलं तसा मंडळाच्या ऑफिसात चार डिस्कचा कॉम्प्युटर ठेवायचं ठरलं. त्या डिस्क जोडायला एक कार्ड लागतं. ते घ्यायला आम्ही निजामपुऱ्यात गेलो. दुकानदाराने सर्वांत महागडं, सगळं आपोआप करणारं पुढे केलं. "बेन, आ लई जाओ, आमां बधुं ऑटोमेटिक छे."

"ऑटोमेटिक नथी जोईतुं. सादुं आपो," नीराताई म्हणाल्या, त्याच्याशीही भांडल्या आणि साधंच कार्ड घेऊन निघाल्या.

परत येताना त्यांनी मला समजावलं. महागडं कार्ड डिस्कवर आपल्याच पद्धतीने लिहितं. ते मेलं, की डिस्क धडधाकट असूनही वाचता येत नाहीत. साधं कार्ड मध्ये लुडबुड करत नाही, डिस्कची जुळणी सॉफ्टवेअर करतं. कार्ड जळलं तर दुसरं कुठलंही लावावं. एवढं मलासुद्धा कळलं.

आणि मग रमाकांतराव आले. जवळच्या पादरा गावचे, सज्जन माणूस. त्यांच्या पत्नी शालिनीबाई आजारपणात ताईंसमोर दोन दुपारी गायल्या होत्या. त्यानंतर त्या गेल्याच. त्यांच्या स्मरणार्थ रमाकांतरावांनी कार्ड आणलं होतं. तेच, महागडं. खोक्यावर कुंकू लावून, वर नारळ ठेवून, दोन्ही हातांनी पुढे केलं.

आमच्याकडे देणगी परत करत नाहीत. मंडळातले पंखे कुरकुरतात, घड्याळ मागे पडतं, पण प्रत्येकावर कोणाच्या तरी आईवडिलांचं नाव आहे, म्हणून काढायचं नाही. ताई काही बोलणार असं वाटताच अध्यक्ष जयवंतराव हसून म्हणाले, "ताई, धर्माची गाय, तिचे दात काय बघायचे?"

ताईंनी रमाकांतरावांच्या हातांकडे पाहिलं आणि खोकं घेतलं. आणलेलं साधं कार्ड कपाटात गेलं, देणगीचं बसलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मला त्या दिवशीही चीड आली होती आणि आजही येते. साऱ्या जगाशी भांडणारी बाई नेमकी तिथे गप्प बसली. नंतर त्यांनी रेकॉर्डिंगची एक प्रत आपल्या घरी ठेवू द्या म्हणून विनवलं, तर जयवंतराव म्हणाले, "मंडळाची मालमत्ता मंडळातच राहील." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मे महिन्यात कार्ड जळलं. डिस्क चारही ठणठणीत. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल कंपनीने बंद केलं. दुसरं कार्ड लावलं तर त्याला चारही डिस्क कोऱ्या दिसल्या. समितीच्या बैठकीत जयवंतरावांनी लगेच हात झटकले. "ताई, बसवलं तर तुम्हीच होतं ना?" मी त्या बैठकीत इतका ओरडलो की शिपाई आत डोकावला.

शालिनीबाईंच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी रमाकांतराव बसने मंडळात आले. घरी जेवायला येणाऱ्यांना बायकोचं गाणं ऐकवायचं होतं. ते भरून न्यायला सोबत पेनड्राइव्ह आणला होता. जयवंतराव त्यांना चहा घ्या, चहा घ्या म्हणत राहिले. ताईंनी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि सगळं सांगितलं: गाणं या डिस्कमध्ये आहे, पुसलेलं नाही, पण ते वाचणारं कार्ड गेलं, आणि असं होऊ शकतं, हे आपल्याला आधीच ठाऊक होतं.

"मी आणलं तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

रमाकांतराव उठले. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"सगळ्यांशी भांडता तुम्ही, नीराताई. माझ्याशी भांडायला काय झालं होतं?"