बिस्किटवाल्यांचा धाकटा

पहिल्या लॉकडाऊनमध्ये आमच्या कंपनीचं एकुलतं एक यंत्र माझ्या घरी राहायला आलं. हॉलंडमधल्या आइंडहोवनचं ऑफिस बंद झालं होतं आणि आमच्या छोट्या टीममध्ये गॅरेज असलेला मी एकटाच. शेजारच्या न्यूनेन गावात घर घेतलं तेव्हा बायकोने या गॅरेजला नावं ठेवली होती. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतूनच अभिमानाने सांगायची, आमच्याकडे फॅक्टरी आहे म्हणून.

यंत्राचं काम साधं होतं. ट्युलिपचे कंद पट्ट्यावरून सरकत जायचे, वरचा कॅमेरा एकेकाला बघायचा आणि ज्यावर रोगाचा डाग दिसेल तो कंद यंत्र बाजूला ढकलायचं. हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघालं तो आमचा मालक, अस्सल इंग्रज. त्याला सर म्हटलेलं खपत नसे, सगळे नावानेच हाक मारायचे. घरी मात्र आम्ही त्याला साहेब म्हणायचो. गोरा साहेब आयता मिळालाय तर का सोडा?

साहेबाच्या घरची बिस्किटं इंग्लंडात चार पिढ्या खपत आलेली. हा धाकटा. थोरला भाऊ मुकाट्याने कारखान्यात बसला, याला मात्र आयत्या बिळावरचा नागोबा व्हायचं नव्हतं. आधी त्याने लंडनमध्ये हॉटेल काढलं, ते बुडालं. मग भाड्याच्या बोटी काढल्या, त्याही बुडाल्या, नशीब, कागदावरच. तिसऱ्या धंद्यासाठी तो इथे आला आणि कंदांच्या नादी लागला. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की नाताळपर्यंत एकही गिऱ्हाईक मिळालं नाही तर हे सगळं बंद करून घरी यायचं. हे त्याने आम्हाला व्हिडिओ कॉलवर अगदी हसत सांगितलं, पण नाताळपर्यंत किती आठवडे उरलेत ते बोटांवर मोजूनही दाखवलं. कंपनी गेली तर आमच्या इथे राहायच्या परमिटचं काय, हा घोर मला होताच. पण खरं सांगायचं तर मला त्या माणसाचंच जास्त वाईट वाटत होतं.

ऑक्टोबरात उत्तरेकडचा एक मोठा शेतकरी यंत्र बघायला यायला तयार झाला. तारीख मला ठरवायची होती. मी कॅलेंडर बघितलं आणि कुणाला काही न सांगता दसरा दिला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, वाया कशाला घालवा?

सकाळी लॅपटॉपची, गाडीची, सायकलींची पूजा झाली. बायको म्हणाली, "अरे, आणि ज्याच्या जिवावर जेवतोय त्याला नको का?" मग यंत्रालाही हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, सुपरमार्केटात झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती घातली. यंत्र काय देखणं दिसत होतं!

साहेब आणि शेतकरी आले. गॅरेजचं दार सताड उघडं, तिघेही दीड-दीड मीटरवर, थंडीने नाकं लाल. पट्टा सुरू झाला आणि यंत्राने पहिला कंद बाजूला ढकलला. मग दुसरा, मग तिसरा. टोपलीभर निरोगी कंद त्याने नापास केले. यंत्राच्या आतल्या पंख्याच्या वाऱ्याने कुंकू उडून कॅमेऱ्याच्या काचेवर बसलं होतं आणि यंत्राला प्रत्येक कंदावर डाग दिसत होते.

"चालत नाही हे," शेतकरी म्हणाला. डच माणूस, आडपडदा नाहीच.

मी सगळं सांगून टाकलं. दसरा, पूजा, कुंकू. साहेबाने माझ्याकडे बघितलं आणि खिशातून रुमाल काढून काच पुसली. यंत्र सुरळीत चालायला लागलं. पण शेतकरी हलेना.

"चिमूटभर पावडरीने हे आंधळं होतं?" तो म्हणाला. "माझ्या शेडमध्ये दिवसभर माती उडते. मला नको."

आता साहेब काहीतरी गुळगुळीत इंग्रजी बोलून वेळ मारून नेणार, असं मला वाटलं. पण तो उलट्या क्रेटवर बसला आणि म्हणाला, "आणखी काय चुकतंय?"

शेतकऱ्याने दोन कप कॉफी होईपर्यंत चुका सांगितल्या. साहेब ऐकत होता. बिस्किटवाल्यांच्या घरात जन्मलेल्याला इतकं तोंडावर कोण बोललं असणार? मला वाटलं, हा आता खचतोय. तो तर खुलत चालला होता.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात ते मजेचे म्हणूनच. काचेपुढे हवेचा झोत बसवला, ब्रश बसवला. आम्ही दोघं मास्क लावून यंत्रावर कुंकू, बेसन, बागेतली माती, हाताला लागेल ते उधळायचो. बायको डब्यातलं बेसन मोजून द्यायला लागली. नाताळच्या आदल्या आठवड्यात शेतकरी पुन्हा आला, सोबत स्वतःच्या शेतातली वाळू घेऊन. पट्टा चालू असताना त्याने ती मूठमूठ कॅमेऱ्यावर फेकली. यंत्राने खराब तेवढे कंद वेचून काढले. "दोन द्या," तो म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

साहेबाने तिथूनच वडिलांना फोन लावला. मी घरात गेलो. परत आलो तेव्हा तो फोन हातात धरून उभा होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तर मग उद्यापासून तुझ्या खोलीत तुझ्या पुतणीला बसवतो."

"कुठली खोली?"

"कारखान्यातली. त्यांच्या खोलीशेजारची. मी निघून आल्यापासून कुणालाच दिली नव्हती. रोज सकाळी झाडून घ्यायचे म्हणे."

एवढं बोलून तो यंत्राकडे तोंड करून रडला.