इनेझ टीचरच्या गाडीचे ब्रेक

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या आग्नेल मेस्त्रीकडे गाडी न्यायची तर आधी मनाची तयारी करून जावं लागतं. गाडी तो नीट करतो, त्यात वाद नाही. पण त्याआधी मालकाला नीट करतो. क्लच जळाला की विचारणार, "पाय ठेवायला दुसरी जागा नव्हती का?" टायर एका बाजूने झिजला की, "हवा कधी भरली होतीस? या नाताळात की त्याच्या आदल्या?" माणसं मुकाट ऐकून घेतात. कारण वालीवच्या मोठमोठ्या वर्कशॉपांनी हात टेकलेली गाडी आग्नेलच्या पत्र्याच्या शेडमध्ये येते आणि दोन दिवसांत सुतासारखी सरळ होऊन जाते.

त्रेसष्ट वर्षांचा गडी, बुटका, गोल, नाकावर माशी बसू न देणारा. दोष सापडल्याशिवाय पाना लावायचा नाही, हा त्याचा हट्ट. "अंदाजाने पार्ट बदलायचे तर गॅरेज कशाला, दुकान टाका," म्हणतो. आणखी एक सवय त्याला आहे. नट शेवटचा आवळून झाला की त्यावर तो लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. नट जरा जरी फिरला तर ठिपका तुटतो आणि लगेच डोळ्यांत येतो. बाटली बायकोची, प्रिस्काची. अर्नाळ्यापासून विरारपर्यंत कितीतरी गाड्यांच्या पोटात असे लाल ठिपके आहेत, आणि प्रिस्काची नखं वर्षानुवर्षं कोरी आहेत. तिने आता बोलणंही सोडलंय.

या गड्याचा जीव जिच्यावर, ती त्याची धाकटी बहीण इनेझ. बाप गेला तेव्हा आग्नेल नववीत होता. तो शाळा सोडून गॅरेजात लागला आणि इनेझ शिकली, टीचर झाली, एकतीस वर्षं तिने गावातल्या पोरांना मराठी आणि भूगोल शिकवला. बहिणीचा विषय निघाला की मेस्त्रीची छाती दोन इंच वर. आणि तिचं म्हणाल तर, "दादा म्हणाला" हे तिच्यासाठी शेवटचं. पुढे वाद नाही, विचार नाही.

तिचा नवरा लुईस गेला तशी ती घरात बसली. रविवारची चर्चमधली मिस्सा सोडली तर दोन वर्षं ती कुठे गेली नाही. मग साठाव्या वर्षी एकाएकी म्हणाली, मला गाडी शिकायची आहे. मुलगा मेलरॉय हसला. आग्नेल हसला नाही. त्याने तिला एक जुनी, लहानशी पांढरी गाडी बघून दिली आणि चर्चच्या मैदानावर स्वतः शिकवलं. शिकवताना अर्थातच शंभर बोलणी ऐकवली. पण गाडी आली आणि इनेझ माणसांत आली. शाळेत बावीस वर्षं शेजारच्या वर्गावर असलेली तिची मैत्रीण हंसा टीचर आता मुलाकडे वालीवला राहते. दर बुधवारी इनेझ वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळ्यांचा, पुडा घेऊन निघायची, नालासोपाऱ्याचा पूल ओलांडून हंसाकडे जायची आणि पाच तास बोलून संध्याकाळी परत यायची. बुधवारी तिचा चेहरा बघावा. आग्नेल रस्त्याकडे पाठ करून काम करायचा, पण तिची गाडी गेली की हॉर्नवरून ओळखायचा आणि गालात हसायचा.

फेब्रुवारीपासून या बुधवारांना दृष्ट लागली. पुलापलीकडच्या गर्दीत पोहोचलं की गाडी जड व्हायची. ॲक्सिलरेटर दाबला तरी मागून कुणी दोरीने धरल्यासारखी. मग जळका वास, पुढच्या चाकांतून धूर, आणि गाडी जागच्या जागी गच्च. इनेझ फोन करायची, आग्नेल स्कूटरवरून धावायचा. तो पोहोचेपर्यंत चाकं निवलेली असायची आणि गाडी साळसूदपणे चालायची. गॅरेजात आणून त्याने चारही चाकं जॅकवर चढवली. हाताने फिरवली, भिंगरीसारखी फिरली. चाक आवळणारे कॅलिपर खोलले, त्यांतले पिस्टन बघितले, ब्रेक ऑइल बदललं. स्वतः गाडी आगाशीपर्यंत मोकळ्या रस्त्याने फिरवून आणली. काही नाही.

तिसऱ्या वेळेला आग्नेलने निकाल दिला. मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या दारात, दहा-बारा माणसं उभी असताना. दोघं एरवी घरच्या बोलीत बोलतात. ती कागदावर उतरवली तर अर्ध्या वाचकांना दुभाषा लागेल, म्हणून इथे सरळ मराठीत सांगतो.

"बाय, गाडीला काही झालेलं नाही. तू ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतेस. भीती वाटते म्हणून पाय तिथेच टेकवून ठेवतेस. ब्रेक तापणार नाहीत तर काय होईल?"

"मी नाही ठेवत, दादा."

"सगळे हेच म्हणतात. आयुष्यभर बघतोय मी."

माणसं हसली. एकजण म्हणाला, टीचर शाळेतही पोरांना असंच धरून ठेवायच्या, पुढे सोडायच्या नाहीत. आग्नेलही मोठ्याने हसला. इनेझने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि घरी गेली.

त्यानंतर गाडी आणखी दोनदा जाम झाली. मेलरॉय म्हणाला, आई, पुरे आता, कुणाच्या तरी अंगावर जाईल. विरारच्या मितेश नावाच्या माणसाशी विक्रीचं बोलणं झालं; रविवारी दुपारी येऊन तो गाडी नेणार. इनेझने हो म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की आग्नेलला बरं वाटायच्या ऐवजी कसंसंच झालं.

शनिवारी सकाळी ती गॅरेजात आली. हातात सुकेळ्यांचा पुडा. "दादा, उद्या गाडी जाईल. आज एवढं हंसाला नेऊन दे. तिला सांग, आता बुधवारचं जमणार नाही."

"फोन कर ना तिला."

"फोनवर मला रडू येईल."

आग्नेलने पुडा घेतला. तिचीच गाडी घेऊन तो निघाला. आपला पाय ब्रेकवर जात नाही, तेव्हा गाडी वालीवपर्यंत आरामात जाणार याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

पूल उतरला. शनिवारची गर्दी, रिक्षा, टेम्पो, दर दहा फुटांवर थांबा. वीस मिनिटांत गाडी जड झाली. आग्नेलने खाली बघितलं. पाय ब्रेकवर नव्हता. त्याने पायावरून नजर काढली नाही, मागचे हॉर्न वाजवून थकले, तरी नाही. मग तो वास आला, धूर आला आणि गाडी गच्च झाली.

आता मात्र त्याच्यातला मेस्त्री जागा झाला. आतापर्यंत त्याने ही गाडी फक्त थंड असताना तपासली होती. दुखणं आज पहिल्यांदा हातात सापडलं होतं. चारजणांना हाताशी घेऊन त्याने गाडी लोटत कशीबशी कडेला घेतली. पुढचं एक चाक जॅकवर उचललं. हलेना. कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल अर्धा आटा सैल केला. कढत तेलाची पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे कॅलिपर निर्दोष, तेल आत कोंडलंय. निपल बंद करून पेडल दाबून सोडलं, चाक पुन्हा जाम. मग बॉनेट उघडून त्याने ब्रेकचा पंप जिथे बसवलेला असतो तिथले दोन नट ढिले केले. पंप केसभर पुढे सरकला आणि चाक पुन्हा मोकळं फिरलं. म्हणजे पंपातही खोट नाही. मागून काहीतरी त्याला सतत ढकलतंय.

पेडल आणि पंप यांच्यामध्ये एक दांडा असतो. पाय उचलला की तो पूर्ण मागे यायला हवा, त्याला थोडी मोकळीक लागते. ती नसेल तर पंप जरासा दाबलेलाच राहतो, तापून फुगलेल्या तेलाला परतीची वाट मिळत नाही, आणि गाडी आपलेच ब्रेक आपण आवळत बसते. ड्रायव्हरने पेडलला पाय जरी लावला नाही तरी.

आग्नेल पाठीवर झोपून पेडलाखाली घुसला, मोबाईलचा उजेड पाडला. दांड्याच्या नटावर लाल ठिपका होता.

त्याला सगळं आठवलं. जानेवारीत इनेझ म्हणाली होती, दादा, ब्रेक फार खाली लागतो, माझा पाय पुरत नाही. चार फूट दहा इंचांची बाई. त्याने तिला ओट्यावर बसवून चहा दिला आणि तिचा चहा संपायच्या आत दांडा दोन आटे लांब करून दिला, ब्रेक वर घेतला. मोकळीक मोजली नाही. गिऱ्हाइकाची गाडी असती तर मोजली असती. बहिणीचं काम म्हणजे काम थोडंच, ते प्रेमाने दोन मिनिटांत उरकायचं. आणि जे काम म्हणून धरलंच नव्हतं, ते पुढे दोन महिने त्याच्या डोक्यातही आलं नाही.

रस्त्यातच त्याने दांडा मागे घेतला, या वेळी मोकळीक तीनदा मोजली. नट आवळले. हंसाकडे गेला, पुडा दिला. "इनेझ का नाही आली?" तिने विचारलं. निरोप काही त्याच्या तोंडून निघेना. "येईल," एवढंच म्हणाला. परतताना तोच रस्ता, तीच गर्दी, गाडी लोण्यासारखी आली.

कुणाला काही सांगायची गरज नव्हती. झालं असेल काहीतरी, बसलं जागेवर, एवढं म्हटलं असतं तरी इनेझने मान डोलावली असती. प्रिस्काने जेवताना विचारलंही, तोंड का उतरलंय. आग्नेल म्हणाला, ऊन लागलं. पण स्वतःची चीड इतकी आली होती की तो अर्ध्या ताटावरून उठला.

रविवारी मिस्सा सुटली. चर्चच्या दारात तीच माणसं. आग्नेलने घसा खाकरला.

"बायची गाडी जाम होत होती ना, ती माझ्यामुळे. मी ब्रेक वर घेतला आणि मोकळीक ठेवली नाही. तिच्या पायाचा काही संबंध नव्हता. मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माफ कर, बाय."

कुणी हसलं नाही. आग्नेल मेस्त्रीच्या तोंडून माफी हा शब्द गावाने ऐकला नव्हता.

"तू बोललास ना, त्या दिवसापासून मी उजवा पाय ब्रेकजवळ जाऊच दिला नाही," इनेझ हळूच म्हणाली. "ॲक्सिलरेटर सोडला की पाय सीटच्या बाजूला उचलून धरायचे. अगदीच थांबायचं झालं तर टेकवायचा. तरी गाडी जाम झाली. तेव्हा मला वाटलं, माझा पाय मला न कळत जातो. डॉक्टरांना जाऊन विचारलं मी, या वयात माणसाला आपलेच हातपाय कळेनासे होतात का?"

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तू चुकला असशील, हे मनातच आलं नाही रे."

त्याला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मेस्त्री उभ्या जागी विरघळला. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तर बाहीने पुसले.

इनेझने मेलरॉयला सांगितलं, मितेशला फोन कर, गाडी विकायची नाही. मग किल्ली हातात घेऊन म्हणाली, "चल दादा, हंसाकडे. माझा पाय वाईट आहे असं मी तिलाही सांगून बसलेय. तिला तूच सांग."

ती चालवायला, तो शेजारी. पूल उतरला, गर्दी आली. समोर रिक्षा थांबली की आग्नेल आपल्या बाजूची जमीन दाबायचा. ब्रेक नसताना. एकदा, दोनदा, पाचव्यांदा इनेझने बघितलं.

"दादा, पाय वर घे."

त्याने पाय उचलून सीटजवळ धरला. खाली टेकवायचा नाही, असं मनाशी ठरवलं. वालीवच्या वळणापर्यंतही पोहोचले नव्हते तेव्हा त्याच्या गुडघ्यात कळ यायला लागली, आणि महिनाभर ही बाई काय करत होती ते त्याला आत्ता समजलं. पाय त्याने तसाच वर धरून ठेवला.