भिंतीवरचा पेरू

बाळांनो, रांझीच्या आमच्या वसाहतीत जंतूंवर इतका जीव असलेला माणूस एकच होता, आमचे शेजारी लॅबवाले काका. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून, डोळे अर्धवट मिटून सांगत, "काय सांगू वहिनी, आज टायफॉइडचे जंतू पाहिले. ग्वारीघाटला नदीवरच्या नावा कशा संथ जातात, तसे पोहून राहिले होते." ऐकता ऐकता मलाही त्या थेंबभर पाण्यावर सांज उतरल्यासारखी वाटे. या देखण्या मंडळींना घरात मात्र मज्जाव. कुणाचा हात लागला की काका साबणाकडे धावत, आलेली पत्रं उन्हात वाळवून मग वाचत, आणि पाहुण्याने पाणी मागितलं तर ते उकळून निवेपर्यंत पाहुणाच उठून जाई. "जंतू उडत नाही येत, वहिनी. माणसाच्या पोटातून हाताला, हातावरून दुसऱ्याच्या घासात. बस, इतकाच त्याचा प्रवास."

तुमची आई तेव्हा सात वर्षांची. रोज संध्याकाळी काका तीनदा धुतलेला पेरू कापून, तिखटमीठ लावून तिला भरवत. आणि नेमका तिलाच टायफॉइड झाला. ताप उतरेना, पोर उशीत दिसेनाशी झाली. काकांनी फुलकीवाल्याला, म्हणजे पाणीपुरीवाल्याला, धारेवर धरलं, दूधवाल्याला तपासलं, नळाचं पाणी तपासलं. कुठेच काही सापडेना.

"तुम्ही स्वतःला तपासलं का?" मी सहज विचारलं.

"मी काहून?" ते हसले. मग हसायचं थांबले. तरुणपणी त्यांना टायफॉइड होऊन गेला होता. बऱ्या झालेल्या एखाद्याच्या पित्ताशयात हे जंतू वर्षानुवर्षं मुक्काम करतात, घरधन्याला पत्ताही लागत नाही. जगाला शिवल्यावर हात धुणाऱ्या काकांना स्वतःच्या हातांचा संशय कधी आलाच नव्हता. चार-पाच दिवसांनी, स्वतःची तपासणी हाती आल्यावर, ते दोन अंगणांमधल्या भिंतीपलीकडूनच म्हणाले, "नावा माझ्याच घाटाला बांधल्या होत्या, वहिनी."

तुमची आई हळूहळू बरी झाली. काकांनीही पित्ताशय काढायचं ऑपरेशन करून घेतलं, नंतरच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. तरी त्यांनी पुन्हा पेरू कापला नाही. अख्खा पेरू मधल्या भिंतीवर ठेवत आणि तीन पावलं मागे सरकत. "धुऊन घे, बेटा."

तिला काय कळलं होतं कोण जाणे. त्यांच्याकडे पाहत ती तो तसाच चावत असे. आणि मी, एवढी शिस्तीची बाई, तिला एकदाही रागावले नाही.