घाटाखालचा एक खोका

बीडहून औषधांची गाडी सुटली तेव्हा मी चालकाशेजारी बसलो होतो आणि आम्हा दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. संभाजीनगरच्या एका औषध-वितरकाकडे मी मालाच्या फेऱ्या ठरवतो. धारूरपर्यंत ठीक होतं. पण तिथून घाट उतरून गाडी आठवड्यातून तीनदा दिंद्रुडला जायची, तीही एका छोट्या खोक्यासाठी! चालक रज्जाकभाईंचं तिकडे काहीतरी खासगी काम असणार, असा माझा संशय.

नेकनूरला चहा घेताना त्यांनी विचारलं, "कावून (कशाला) आलाव? फेरी बंद कराया?"

"बघायला आलोय."

"तेच ते."

धारूरला जड खोके उतरवले. घाटाआधी त्यांनी सीताफळं घेतली, दोन मला दिली. गोड होती, तरी लाच वाटली.

वाळलेल्या गवताचे डोंगर मागे पडले, खाली कापसाची रानं लागली. दिंद्रुडला सुमनताईंच्या औषध-दुकानासमोर एक शिक्षिका आमची वाट बघत होत्या. मुलीचं इन्सुलिन संपलं होतं.

"मला दाखवायला यांना तुम्ही मुद्दाम बोलावलंत का?" मी रज्जाकभाईंना विचारलं.

बाईंनी ते ऐकलं. पर्समधून मुलीच्या साखरेच्या नोंदींची वही काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "वाचा." मला वर बघवेना.

सुमनताईंना विचारलं, "महिन्याचा माल एकदम का घेत नाही?"

"लाईट ऱ्हात न्हाई. एकदा दोन दिवस गेलती, समदं फेकलं. खराब झालेलं इन्सुलिन बी दिसाया चांगलंच दिसतंय. कुनाला टोचाया देऊ?"

वीज गेल्यावरही तीन-चार दिवस गारवा धरणारा फ्रीज असतो. तो दिला तर आठवड्याला एकच फेरी पुरेल, असं मी म्हणालो.

"आदी फ्रीज यऊ द्या. उन्हाळ्यात टिकला, मंग फेरी तोडा."

मी कबूल केलं. तेलगावमार्गे परतताना रज्जाकभाई एवढंच म्हणाले, "बघू."

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "चालकाची चोरी सापडली?" नाही म्हणताना मला माझीच लाज वाटली. खर्च आणि गरज मी टेबलाशी बसून तोलत होतो. खराब औषध कुणाच्या अंगात जाईल, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच.

फ्रीज दिंद्रुडला पोचला. उन्हाळाभर तिन्ही फेऱ्या चालू ठेवल्या, मग एकच केली. त्या आठवड्यात मी सुमनताईंना फोन केला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "पर मी रोज दोनदा दार उघडून बघते. तुमी बी येत जा. तुमच्या नुसत्या फोनवर माझा भरवसा न्हाई."