कोळंबीवर मारलेल्या फुल्या

सांगतो, पण आधी कप खाली ठेवा. हसताना चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही. आणि हसणार तुम्ही माझ्यावरच, हे मला पक्कं ठाऊक आहे.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. फळवाल्यानं 'गोड आहे' म्हणून हातात दिलेलं फळ मी परत ठेवतो आणि ढिगाच्या तळाचं काढतो. बायको म्हणते, "तुमचा आरशावरसुद्धा विश्वास नाही!" असा माणूस दवाखान्यात कुठल्या खात्यात असणार? तपासणीच्या! इथं कुवेतला, मिरकाबच्या आमच्या दवाखान्यात कोण हात धुतं आणि कोण नुसते ओले करतं, ते टिपत मी हिंडत असतो.

तर झालं असं, की आमच्या डॉक्टर मॅडमनी काही गट सुरू केले. घरातल्या डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळून सांभाळून जे स्वतः मेटाकुटीला आलेत, त्यांच्यासाठी. मराठी गट भरतो सालमियात, झुबेदाखालांच्या फ्लॅटवर. खाला मूळच्या दापोलीकडच्या, निवृत्त नर्स. गटात काय घ्यायचं, कुठल्या क्रमानं घ्यायचं, याचं एक जाडजूड पुस्तक आहे. खाला त्याबरहुकूम चालतात का, ते मी कोपऱ्यात रेकॉर्डिंग लावून बसून बघायचं. चोवीस मुद्द्यांची यादी. झालं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. फुल्या फार झाल्या तर गट बंद!

"आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझ्या तोंडून ब्रसुद्धा निघणार नाही!"

गेलो. दारातच वास आला. आत बघतो तर काय! सतरंजीवर वर्तमानपत्रं पसरलेली, मधोमध कोळंबीचा ढीग, आणि भोवती सात जण ती सोलत बसलेले!

"या भाय, बसा," खाला म्हणाल्या. "चाय घ्याल?"

चहा? पहिल्याच मिनिटाला लाच? मी नुसती नकाराची मान हलवली.

मुद्दा पहिला, श्वासाचा व्यायाम. खाला म्हणतात, "डोका काढताना श्वास आत, दोरा काढताना भायेर. सावकाश!" आणि सातही जण कोळंबीवर फू फू करतायत. मी फुली मारली. मुद्दा दुसरा, आठवड्यातली अडचण सांगणे. एक बाई सासूबाईंनी गॅस उघडा ठेवल्याचं सांगत होत्या, पण बघत होत्या कोळंबीकडे. फुली! दुसऱ्या बाई मध्येच हसल्या. उपचार चालू असताना कुणी हसतं का? फुली!

मला तर वेगळाच वास यायला लागला. या खाला डबे विकत असणार आणि गटाच्या नावाखाली फुकटात कोळंबी सोलून घेत असणार! कागदाच्या कोपऱ्यात मी लिहिलंसुद्धा, 'डब्यांचा धंदा? शोध घेणे.'

मग शिंदेकाका बोलले. खैतानला राहतात, साठीच्या पुढचे. हातातली कोळंबी तशीच धरून म्हणाले, "रोज संध्याकाळी बायको मला विचारते, तुम्ही कोण? आणि आमचे हे कधी येणार?"

कुणी काही बोलेना. खालाही गप्प. पुस्तकात तसंच आहे म्हणा, अशा वेळी शांतता राहू द्यावी, सल्ला देऊ नये. पण ती शांतता किती लांब असते हो! मला वाटलं, बाईंना उत्तरच येत नाहीये.

"अहो, सिव्हिल आयडी दाखवायचा ना!"

कोण बोललं हे? मी!

"दाखवला साहेब," काका म्हणाले. "म्हणाली, हे कार्ड आमच्या ह्यांचं आहे, तुमच्याकडे कसं आलं?"

आता तरी गप्प बसावं की नाही? छे! "मग लग्नाचा फोटो दाखवा!"

"तोही दाखवला. म्हणाली, हा मुलगा देखणा होता."

सगळे हसले. काकाही हसले. खालांनी मूठभर कोळंबी माझ्यापुढे सारली. "भाय, तुमच्या घरी कोण हाय असा?"

"छे, कुणी नाही! आई साताऱ्याला भावाकडे असते, ठणठणीत आहे. फोनवर 'जेवलास का' पाच-पाच वेळा विचारते, एवढंच. मुद्दाम विचारते! माझं लक्ष आहे की नाही ते बघायला. परवा मी ओरडलो तिच्यावर..."

आणि जो सुरू झालो तो थांबेचना. हात आपोआप कोळंबी सोलायला लागले. सख्ख्या आईवर संशय घेतला मी, आणि ती बिचारी विसरत असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. फार वाईट वाटलं हो मला.

खालांनी स्वतः काही सांगितलं नाही. "शिंदेभाय, तुमी काय करता?" एवढंच विचारलं.

"मी म्हणतो, येतीलच ते," काका म्हणाले. "तोवर मी बसू का तुमच्याजवळ? ती म्हणते, बसा. रोज विचारते, रोज पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मी यादी मॅडमच्या टेबलावर ठेवली. एकवीस फुल्या. "मॅडम, गट बंद करा!"

"मी कालचं रेकॉर्डिंग ऐकलं," मॅडम म्हणाल्या. "श्वास, अडचण, शांतता, एकमेकांकडून उत्तर, सगळं झालंय. कोळंबी सोलू नये, असं पुस्तकात कुठेही नाही. हात कामात असले की माणसं बोलतात. मोडता घातलाय तो एकाच माणसानं. न विचारता सल्ले काय, वीस-वीस मिनिटं बोलणं काय!"

"बघा! मी म्हणत नव्हतो? त्याला आधी काढा!"

"काढलाच. निरीक्षकांच्या यादीतून. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही सभासद म्हणून जा."

तुम्ही म्हणाल, हा इतका कसा बावळट? अहो, जगावर संशय घेता घेता स्वतःवर घ्यायचा राहूनच गेला!

असो, गट वाचला. शुक्रवारी मी साताऱ्याला फोन लावला.

"जेवलास का?"

"जेवलो आई. भाकरी, वांग्याची भाजी, भात."

दुसऱ्यांदा विचारलं, सांगितलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तितक्याच प्रेमानं. पाचव्यांदाही म्हणालो, "जेवलो आई. भाकरी, वांग्याची भाजी, भात."

मग आईचा आवाज आला, पण भावाशी बोलताना.

"अरे, ह्याचं काहीतरी बिनसलंय बघ. मघापासून तेच तेच सांगतोय. तिकडं कुवेतला असल्या माणसांसाठी काही वर्ग-बिर्ग असतात का, विचार बाबा!"